मोरीत काय ओतलंत?

मी नगरपरिषदेत नोकरीला आहे असं सांगितलं की समोरचा माणूस खूश व्हायचा. घरपट्टीचं, जन्मदाखल्याचं एखादं काम डोक्यात यायचं बहुतेक. मग पुढचा प्रश्न ठरलेला, "कोणत्या खात्यात?" मी म्हणायची, "भुयारी गटार." त्यावर पोह्याचा चमचा तोंडाजवळ थांबलेला मी किती घरांत पाहिलाय! माझं माहेर नांदूरघाटचं, शेतकऱ्याचं घर. आई गावात सगळ्यांना सांगायची, "लेक पाण्याच्या खात्यात हाय." ते काही खोटं नव्हतं. लोकांनी वापरून सोडून दिलेलं पाणी, एवढाच फरक.

मागच्या वर्षी निवृत्त झाले. दिवाळी अंकासाठी नोकरीतलं काहीतरी लिहा म्हणून निरोप आला तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, फराळाच्या ताटाशेजारी हे कोण वाचणार? पण सणाच्या दिवसांत सगळ्यात जास्त तक्रारी आमच्याच खात्यात यायच्या, तेव्हा सणाशी आमचाही संबंध आहेच.

आमचं काम थोडक्यात सांगते. तुमच्या मोरीतलं, संडासातलं पाणी घराबाहेरच्या छोट्या चेंबरमध्ये जातं, तिथून गल्लीखालच्या मोठ्या पाइपात आणि शेवटी गावाबाहेरच्या शुद्धीकरण केंद्रात. तिथं खूप मोठी यंत्रं असतील असं लोकांना वाटतं. यंत्रं आहेत, पण ती मुख्यतः हवा सोडतात. खरं काम करतात ते डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. टाकीतली घाण खाऊन ते पाणी स्वच्छ करतात. त्यांना आपली सगळी घाण चालते, पण ॲसिड, थिनर, डिझेल, उरलेली औषधं असलं काही आलं की ते मरतात. मग नवे वाढेपर्यंत सगळ्या गावाची घाण जशीच्या तशी ओढ्यात. म्हणून गटारात काय सोडायचं नाही याची नियमात मोठी यादी आहे. ती पाळली जाते की नाही हे बघणं म्हणजे माझी नोकरी.

आता नियम सांगायला गेलं की समोरून प्रश्न यायचेच. म्हशीच्या गोठ्यातलं शेण धुऊन सरळ चेंबरमध्ये सोडणारे एक काका मला म्हणाले, "मॅडम, शेणाला घाण कावून म्हणता? आमी त्यानं घर सारवतो." मी म्हटलं, "काका, गटार सारवायचं नसतं." ते हसले, पण दुसऱ्या दिवसापासून शेणाचा उकिरडा वेगळा केला त्यांनी.

भजी तळणाऱ्या एका हॉटेलवाल्या शेठला तर मी दोनदा समजावलं होतं, की उरलेलं तेल मोरीत ओतू नका. गरम असताना ते पातळ असतं, पण पाइपात थंड झालं की डालड्यासारखं थिजतं आणि त्याला सगळा कचरा चिकटतो. शेठ म्हणाला, "तेल वाहून जातंय हो, मॅडम." महिन्याभरात त्याच्याच दारात गटार तुंबलं. साहेबरावांनी पाइपातून पांढरा गोळा ओढून काढला. शेठ म्हणाला, "हे आमचंच कशावरून?" साहेबरावांनी काठीनं गोळा फोडला. आत अख्खी तळलेली मिरची निघाली. शेठनं मुकाट्यानं तेलाला वेगळा डबा केला.

साहेबराव म्हणजे आमच्या जेटिंग गाडीचे चालक. गाडीत जोराच्या पाण्यानं पाइप साफ करायचं आणि गाळ ओढून घ्यायचं यंत्र असतं. ते नोकरीला लागले तेव्हा ही गाडी नव्हती. कमरेला दोर बांधून माणूसच खाली उतरवायचे. आता ते बंद झालंय, कायद्यानं बंद आहे. पण त्या वर्षांत साहेबरावांचा वासच गेला. गुलाब असो की गटार, त्यांना काहीच कळत नाही. "गटारानं माझं नाक ठेवून घेतलं," असं ते हसत सांगतात. मला ते हसू कधी ऐकवलं नाही. आमच्या खात्यानं त्या माणसाचं काय नेलं याचा हिशेब कुणी केला नाही आणि मीही कुठं मोठ्यानं विचारलं नाही.

आता मुख्य गोष्ट.

जानेवारीतली सकाळ होती. आधीचे दोन-तीन दिवस टँकरवाले संपावर होते आणि गावात अफवा होती की पेट्रोल मिळणार नाही. पंपावर मोटारसायकली, जीपा आणि हातात कॅन घेतलेली माणसं अशी झुंबड उडाली होती. मग संप मिटला, पेट्रोल मिळायला लागलं, लोक विसरून गेले.

ऑफिसात पोचले न पोचले तोच जुन्या बसस्टँडमागच्या गल्लीतून एका शिक्षिकाबाईंचा फोन आला. "मॅडम, आमच्या मोरीत पेट्रोल पंपासारखा वास येतोय. आमचे हे म्हणतात फिनेलचा असेल, पण मी आज फिनेल टाकलेलंच नाही."

"गॅस चालू आहे का?"

"आत्ताच बंद केला. डबे भरून झाले."

"आता पेटवू नका. आणि बाहेर येऊन थांबा," असं सांगून मी साहेबरावांना हाक मारली.

गाडी गल्लीबाहेर उभी करून आम्ही चालत आत गेलो. पहिल्याच चेंबरपाशी मी गुडघ्यावर बसले आणि झाकणाच्या फटीशी नाक नेलं. डोळ्यांत पाणी आलं. साहेबरावांनीही वाकून पाहिलं आणि मान हलवली. "मला काय कळंना."

"साहेबराव, पेट्रोल आहे. भरपूर आहे."

त्यांनी कानावरची बिडी आणि खिशातली काडेपेटी काढली आणि परत जाऊन गाडीत ठेवून आले. येताना म्हणाले, "नाक तुमचं, हात माझे. सांगा काय करायचं ते."

पेट्रोलची भीती अशी असते की ते पाण्यावर तरंगतं, त्याची वाफ होते, ती वाफ हवेपेक्षा जड असते. ती उडून जात नाही, पाइपात भरून राहते आणि जिथं मोरी दिसेल तिथून घरात येते. एका घरात ओतलेलं पेट्रोल गल्लीतल्या कुठल्याही घरात पेटू शकतं. मग सगळी झाकणं एकदम उडतात. मी चेंबरपासून लांब जाऊन अग्निशमन दलाला फोन लावला, मग लाईनमनला, मग शुद्धीकरण केंद्रावर, की येणारं पाणी बाजूच्या रिकाम्या टाकीत वळवा. हे बोलता बोलता गल्लीच्या मध्यावर नजर गेली आणि मी तिकडे पळत सुटले. तिथं मांडव होता. मांडवाखाली मोठी गॅसची भट्टी पेटली होती, तिच्यावर बुंदीची कढई होती आणि आचारी झारा आपटत होता.

ते बप्पांचं घर. बप्पा या वॉर्डाचे जुने नगरसेवक, चांगली शेती, चार माणसांत शब्द चालणारे. त्या दिवशी त्यांच्या नातीचं बारसं होतं.

"बप्पा, भट्टी बंद करा. आत्ताच्या आत्ता."

"मॅडम, बारशाचा स्वयंपाक हाय. सिरसाळ्याचे पाहुणे निघालेत. युसूफ वडगावच्या पाहुण्यांची जीप तर वाटंत हाय."

"गटारात पेट्रोल आहे."

"मग गटार बंद करा! भट्टी कावून?"

मी त्यांना हात धरून दोन पावलं मागं नेलं. भट्टीपासून बाजेएवढ्या अंतरावर चेंबरचं झाकण होतं आणि त्याचा एक कोपरा फुटलेला होता. "इथून वाफ वर आली तर ती आधी भट्टीला शिवेल, बप्पा. मग मांडवाला. आत पाळणा सजवलाय ना?"

बप्पा काही बोलायच्या आत आचाऱ्यानं सिलिंडरचा कान पिळला. "बारसं कुणाचं बी असू द्या," तो म्हणाला, "मला भाजून घ्यायचं न्हाई."

मग गल्ली रिकामी करायला लागलो. गल्लीच्या वरच्या बाजूला शाळेचं मोठं मैदान होतं, सगळ्यांना तिकडं जायला सांगितलं. आपत्तीच्या वेळी माणूस घरातून काय उचलतो हे बघण्यासारखं असतं. एक बाई दुधाचं पातेलं घेऊन निघाल्या. एक आजोबा टीव्हीचा रिमोट हातात धरून आले आणि मैदानात पोचल्यावर त्याच्याकडे बघत बसले. एक गृहस्थ दारातून ओरडले, "मॅडम, मोटर चालू हाय, बंद करून येतो!" मी एवढ्या जोरात ओरडले की मलाच दचकायला झालं. "बटणाला हात लावू नका!" बटण चालू करताना ठिणगी पडते तशी बंद करतानाही पडते, हे लोकांना माहीत नसतं. लाईनमननं लांबच्या डीपीवरून सगळ्या गल्लीची लाईट तोडली तेव्हा मला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

पण मैदानात वेगळंच पेटलं होतं.

गल्लीच्या तोंडाशी बाबू मिस्त्रीचं गॅरेज आहे. दोन-तीन वर्षांपूर्वी तो गाड्यांचं काळं ऑइल मागच्या चेंबरमध्ये ओतायचा. मी त्याला नोटीस दिली होती. तेव्हापासून त्यानं ऑइलसाठी ड्रम ठेवला आणि मी दिसले की गॅरेजमधूनच ओरडायचा, "मॅडम, ड्रम बघून जा!" आता त्याच बाबूला सगळ्यांनी घेरलं होतं. एकानं गचांडी धरलेली आणि बप्पांचा आवाज चढलेला.

"ह्याच बाब्यानं ओतलंय! दुसऱ्या कुणाकडं असतंय पेट्रोल? मागं तुमीच नोटीस दिलती की, मॅडम!"

"दिली होती. ऑइलची. त्यानंतर त्यानं एकदाही ओतलेलं नाही."

"तुमी काय चोवीस तास बसलावता का तिथं?"

बाबूनं माझ्यापुढं हात जोडले. "मॅडम, टाक्या धुतो ते बी डब्यात धुतो. आईची शपथ. ड्रम बघा, डबा बघा."

माझी अडचण अशी होती की मला खात्रीनं सांगता येत नव्हतं. गॅरेज गल्लीच्या उताराला, वास चढाकडेही येत होता. पाणी उलटं चढत नाही, पण वाफेचा भरवसा नाही. मी म्हटलं, "शोधल्याशिवाय कुणाचं नाव घ्यायचं नाही. आधी त्याची कॉलर सोडा." कॉलर काही सुटली नाही.

"बाबूला सोडा."

हा आवाज जिजींचा. जिजी म्हणजे बप्पांच्या आई. प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर दुपट्यात गुंडाळलेली पणती.

"जिजी, तू गप बस," बप्पा म्हणाले. "तुला ह्यातलं काय कळत न्हाई."

"कळतंय. म्या ओतलंय ते."

सगळ्यांच्या माना जिजींकडे वळल्या. बाळ कुरकुरत होतं. जिजींनी त्याला थोपटलं आणि नातवाकडे, बाळाच्या बापाकडे पाहिलं. "अमोल, सांग की. दोन कॅन आणले का न्हाई?"

अमोलची पेट्रोलवरची जीप होती. पाहुणे आणायचे-पोचवायचे म्हणून संपाच्या भीतीनं त्यानं दोन कॅन भरून जिन्याखाली ठेवले होते. संप मिटला आणि तो कॅन विसरला. जिजी मात्र विसरल्या नव्हत्या.

"जिन्याला लागूनच सिलिंडर आणून ठेवले आचाऱ्यानं," जिजी सांगत होत्या. "सारी रात डोळा लागला न्हाई मला. लेकराचा पाळणा त्या जिन्यासमोर. म्हणलं, काय व्हायलं तर? सकाळी सगळ्यांच्या आधी उठले आन् मोरीत ओतून दिलं. वरून दोन बादल्या पाणी टाकलं. म्हणलं, गेली पीडा."

"जिजी, आता इतक्या लोकांत कशाला..." बप्पा खाली बघत पुटपुटले.

"कशाला म्हंजे? त्याची गचांडी धरली तुमी. म्या बघत बसू?"

खरं सांगते, त्या क्षणी मला त्या बाईचा राग आला नाही. आग लागू नये म्हणून तिनं ते केलं होतं. मोरीच्या भोकातून गेलं की ती वस्तू जगातून गेली, हे तिलाच काय, मोठ्या मोठ्या साहेबांनाही वाटतं. मी त्यांच्या खुर्चीशेजारी खाली बसले.

"जिजी, कॅन पूर्ण भरलेले होते?"

"काठोकाठ."

"सगळं एकाच मोरीत ओतलं?"

"मागल्या मोरीत."

"आणि रिकामे कॅन कुठं आहेत?"

"गच्चीवर. झाकणं काढून उनात वाळत घातलेत," जिजी म्हणाल्या. "वास जाईल म्हणलं. पाण्याला कामाला येतेत."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळेच हसले. ज्यानं कॉलर धरली होती त्यानं ती सोडली आणि बाबूच्या शर्टाची घडी हातानं सारखी करायला लागला. अग्निशमनच्या दोन जवानांना मी आधी गच्चीवर पाठवलं.

नेमकं काय, किती आणि कुठं ओतलंय हे कळल्यावर आमचं काम सोपं झालं. जिजी बोलल्या नसत्या तर आम्ही गॅरेजकडून सुरुवात केली असती आणि नको त्या टोकाला वेळ घालवला असता. लोखंडी झाकणाला लोखंडी पहार लागली की ठिणगी उडते, म्हणून साहेबरावांनी प्रत्येक झाकणावर ओलं पोतं टाकलं आणि दोर अडकवून लाकडी दांड्यानं ते अलगद उचललं. मी वास घ्यायची, अग्निशमनवाले त्यांच्या यंत्रानं वाफ मोजायचे, मग पुढचं झाकण. सगळी झाकणं उघडी करून वारा खेळू दिला. वरून टँकरनं संथ पाणी सोडत राहिलो आणि खाली गावाबाहेर ते सगळं रिकाम्या टाकीत गोळा झालं. आमचे जिवाणू वाचले.

दुपारी मैदानाच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, आचाऱ्यानं भट्टी पुन्हा मांडली. सिरसाळ्याचे आणि वडगावचे पाहुणे थेट मैदानातच उतरले. बारसं लिंबाखाली झालं. पाळणा आणता आला नाही, म्हणून चार बायकांनी नऊवारीची झोळी धरली आणि तिच्यात बाळाला घालून नाव ठेवलं. जेवायला पाहुण्यांबरोबर अख्खी गल्ली होती. पंगत बसली तेव्हा जिजी म्हणाल्या, "बप्पा, बाबूला तू वाढ."

बप्पा बुंदीचं भांडं घेऊन बाबूपुढं वाकले. वर बघितलं नाही. बाबू म्हणाला, "बास, बप्पा." बप्पांनी आणखी एक मोठा डाव वाढला. बाबूनं ताटावर हात आडवा धरला नाही. तेवढ्यानं काम झालं.

साहेबराव माझ्या शेजारी जेवत होते. मी विचारलं, "वरण कसं झालंय?"

"गरम हाय," ते म्हणाले. "तेवढं कळतंय."



दिवस कलायला लागला तेव्हा शेवटच्या चेंबरपाशी यंत्राचा काटा शून्यावर आला. प्रत्येक घराच्या मोरीत जाऊन पाहिलं, कुठं काही नाही. झाकणं बसवली. मी मैदानात येऊन सांगितलं, "झालं. जा आता आपापल्या घरी."

कुणीही हललं नाही.

"मॅडम," बप्पा म्हणाले, "पयला गॅस कोण पेटवणार?"

लाईनमन त्यांच्याही पुढचा. तो म्हणाला, "आधी कुणीतरी गॅस पेटवा, मग मी लाईट सोडतो." सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्यांचंही बरोबरच होतं. सकाळपासून मीच त्यांना घाबरवत होते, आता मीच म्हणत होते की घाबरू नका. इतकी वर्षं मी लोकांना सह्या करून दिल्या, की हे चालेल आणि ते चालणार नाही. सहीच्या कागदाशेजारी उभं राहायची वेळ कधी आली नव्हती.

"मी पेटवते," मी म्हटलं. "ज्या घरातून गेलं त्याच घरात."

बप्पांच्या स्वयंपाकघराची सगळी दारं-खिडक्या उघड्याच होत्या. मी मागच्या मोरीपाशी जाऊन पुन्हा एकदा खाली बसले, वास घेतला. साबणाचा वास होता. ओट्यापाशी आले. यंत्र म्हणत होतं काही नाही, नाक म्हणत होतं काही नाही. तरी मला घरी असलेली मुलं आठवायला लागली. तेवढ्यात मागं पावलं वाजली. जिजी.

"तुम्ही बाहेर थांबा, जिजी."

"न्हाई. म्या ओतलंय, तर म्या हितंच उभी राहते."

"काही होणार नाही."

"मग बाहेर कावून जाऊ?"

जिजींनी फडताळातून काडेपेटी काढून माझ्या हातात दिली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. पहिली काडी मोडली. दुसरी पेटली. मी बटण फिरवलं आणि शेगडीवर निळी, गोल ज्योत फुलली. तेवढंच. बाहेर कुणीतरी विचारलं, "पेटला का?" आणि कुणीतरी ओरडलं, "पेटला, पेटला!"

आम्ही दोघी त्या ज्योतीकडे बघत उभ्या होतो. माझे डोळे भरून आले होते. जिजींनी पाठीवरचा हात काढला आणि मला कोपरानं हलकेच ढोसलं.

"नुसती बघत काय राहिलीस, पोरी? गॅस जळायलाय फुकाट. चहा टाक."